घर विकायला काढताय? आधी घरातली जमीन मोकळी करा

डोंबिवली पूर्वेचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा पहिल्या महिन्यात सात कुटुंबं बघून गेली. सगळी गोड बोलली, पाणी प्यायली आणि जिना उतरताना एजंटला एकच सांगून गेली, "जरा लहान वाटतंय." आमच्या बरोबर खालचा, त्याच मापाचा फ्लॅट त्याच सुमारास विकला गेला होता. एका संध्याकाळी खालच्या काकूंकडे गेले आणि दारातच थबकले. तोच हॉल, तीच खिडकी, पण खोली ऐसपैस वाटत होती. काकूंचं निम्मं सामान मुलाकडे हलवून झालं होतं. हॉलच्या दोन बाजूंना फरशी थेट भिंतीपर्यंत दिसत होती. आमच्याकडे फरशी दिसायची ती दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पायवाटेपुरती. बाकीच्या जमिनीवर सोफा, दिवाण, शोकेस, शिलाई मशीन आणि बाबांची पुस्तकांची दोन कपाटं.

त्यानंतर तीन आठवडे मी रजा घेऊन, आईला आणि दादाला हाताशी धरून ते घर मोकळं केलं. काय केलं, कोणत्या क्रमानं केलं आणि कशावर पैसे घालवायची गरज नव्हती, ते इथे लिहिते आहे. या सगळ्यानं भाव वाढत नाही. भाव परिसर, मजला, लिफ्ट, पार्किंग आणि स्टेशनचं अंतर ठरवतं. पण "लहान वाटतंय" म्हणून परत जाणारी माणसं थांबतात, आणि तेच कारण पुढे करून भाव पाडणं बंद होतं.

आधी टेप घ्या

सामानाला हात लावण्याआधी घर मोजा. जुन्या करारनाम्यात बहुतेक वेळा बिल्टअप (भिंतींसकट) क्षेत्रफळ असतं, त्याच्याही वर बोलण्यात सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) येतं, आणि घेणारा मात्र आता कार्पेट विचारतो. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाच्या कायद्यानुसार कार्पेट म्हणजे आतलं वापरता येण्याजोगं क्षेत्र. त्यात आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जातात ती पोकळी), बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत.

प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. आमचं असं निघालं: हॉल १० बाय १४, स्वयंपाकघर ८ बाय ९, बेडरूम १० बाय ११ आणि १० बाय १०, पॅसेज साडेतीन बाय १०, बाथरूम ४ बाय ७, संडास साडेतीन बाय ४. बेरीज ४९९ चौरस फूट, आतल्या भिंतींची जाडी सोडून. हे आकडे एका कागदावर साध्या नकाशासह लिहिले आणि दहा झेरॉक्स काढल्या. येणाऱ्याच्या हातात माप असलं की तो अंदाजानं "लहान" म्हणत नाही, खोलीकडे बघून आकडा ताडून पाहतो. बाल्कनी वेगळी लिहा. ती कार्पेटमध्ये मिसळून सांगू नका. बँकेचा माणूस मूल्यांकनाला आला की खरं माप बाहेर येतंच.

बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल किंवा आतली भिंत पाडली असेल, तर तेही आधीच सांगा. मंजूर नकाशाशी बँक पडताळून बघते. आणि घर मोठं दिसावं म्हणून आता नव्यानं भिंत पाडायचा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडून द्या.

सामान काढणं: सगळ्यात जड काम

एकूण कामातला बारा आणे भाग हाच आहे. रंग, पडदे, आरसे नंतर. भरलेल्या घराला पांढरा रंग दिला तर ते फक्त पांढरं भरलेलं घर होतं.

कुठलं सामान जागा खातं ते भावनेनं ठरत नाही, मापानं ठरतं. आमचा हॉल १० फूट रुंद. सोफा भिंतीपासून ३ फूट पुढे येणारा. समोरच्या भिंतीला दिवाण, तोही अडीच फूट. मध्ये उरले साडेचार फूट, त्यात दीड फुटाचं टीपॉय. म्हणजे दोन्ही बाजूंना चालायला दीड-दीड फूट. त्या दीड फुटातून लोक तिरके होऊन जायचे, आणि तिरकं होऊन चालावं लागलं की डोळ्यांआधी अंगाला कळतं की जागा कमी आहे. दिवाण आणि टीपॉय हलवल्यावर सलग ७ फूट जमीन मिळाली. एवढ्या एकाच गोष्टीनं हॉल बदलला.

म्हणून नियम असा ठेवा: मुख्य दारापासून प्रत्येक खोलीच्या खिडकीपर्यंत अडीच-तीन फूट रुंद वाट मोकळी हवी. जिथे ती मिळत नाही, तिथली एक वस्तू जायला हवी.

वस्तू काढताना आम्ही तीन भाग केले. आईबरोबर नव्या घरी जाणाऱ्या, देऊन टाकायच्या आणि भंगारात जाणाऱ्या. तीन वेगवेगळ्या खोल्यांत गठ्ठे लावा, एकाच ठिकाणी लावलेत तर संध्याकाळपर्यंत ते परत एक होतात. सुरुवात माळ्यापासून करा. माळ्यावरच्या वस्तूंशी मन सगळ्यात कमी गुंतलेलं असतं, आणि हात चालायला लागतो. आमच्या माळ्यावर फ्रिजचं मूळ खोकं होतं, तो फ्रिज जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आईशी अडलं ते पितळी पिंपावरून आणि बाबांच्या पुस्तकांवरून. "घर विकेपर्यंत तरी राहू दे गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, पुस्तकं टाकत नाहीये. खोक्यांत भरून माझ्याकडे नेते, तू आलीस की तूच लाव." ती खोकी तिनं स्वतः भरली, प्रत्येकावर नाव लिहिलं. घर विकणाऱ्यात वडीलधारं माणूस असेल तर हे काम त्यांच्या वेगानं करा. एका दिवसात एकच कपाट काढा, हवं तर दोन दिवस घ्या. ओढून काढलेल्या वस्तूचं दुःख पुढे बरेच महिने पुरतं.

काढलेलं सामान पलंगाच्या बॉक्समध्ये किंवा कपाटात कोंबू नका. घर बघायला आलेली माणसं कपाटं उघडतात, आणि त्यांना तो हक्क आहे. दार उघडताच अंगावर कपडे पडले, तर "इथे सामान मावत नाही" हे तुम्हीच सांगून टाकलंत. प्रत्येक कपाटाचा निदान एक खण रिकामा दिसू द्या. उरलेलं सामान नातेवाइकांकडे, रिकाम्या गॅरेजमध्ये, नाहीतर महिना-दोन महिने भाड्याच्या खोलीत ठेवा. ते भाडं वाया जात नाही.

उलट टोकही गाठू नका. पूर्ण रिकामी खोली भरलेल्या खोलीपेक्षा लहान वाटू शकते, कारण नजरेला माप लावायला काही उरत नाही. १० बाय १० च्या रिकाम्या खोलीत उभं राहून माणूस म्हणतो, "इथे डबल बेड बसेल का?" तिथे बेड ठेवलेला असला की प्रश्नच येत नाही. हॉलमध्ये एक सोफा आणि दोन हलक्या खुर्च्या, बेडरूममध्ये पलंग आणि एक कपाट, एवढं राहू द्या. पाय असलेलं फर्निचर ठेवा, ज्याच्याखालून फरशी दिसते. जमिनीला टेकलेले बॉक्स आधी काढा.

पलंग आणि कपाट कुठे लावायचं

१० बाय १० च्या खोलीत ६ फुटी पलंग बरोबर मधोमध लावला की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात, आणि दोन्ही वाटा अडचणीच्याच. तोच पलंग एका बाजूला भिंतीपासून हातभर अंतरावर सरकवा. दुसऱ्या बाजूला अडीच फुटांची एकसलग वाट मिळते. ती वाट दारातून खिडकीकडे जाणारी असली पाहिजे.

स्टीलचं कपाट खिडकीच्या बाजूच्या भिंतीला असेल तर हलवा, ते उजेड अडवतं. दारातून आत येताना जी भिंत सर्वात शेवटी दिसते, म्हणजे दाराच्या बाजूचीच भिंत, तिला उंच वस्तू लावा. समोर दिसणाऱ्या भिंतीला फक्त बुटक्या वस्तू. आणि दार पूर्ण ९० अंशांत उघडतंय ना बघा. दारामागच्या खुंट्यांवर ओढण्या, पिशव्या, रेनकोट लटकलेले असतात, त्यामुळे दार तीन चतुर्थांशच उघडतं आणि येणारा माणूस खोलीत शिरतानाच आखडतो. खुंट्या रिकाम्या करा. पाच मिनिटांचं काम आहे.

दारांवरचे पडदे उतरवा

आपल्याकडे बेडरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला पडदे असतात. आमच्याकडे तीन होते. पडदा आला की नजर तिथे संपते. ते उतरवले तेव्हा मुख्य दारात उभं राहून हॉल, पॅसेज आणि पलीकडच्या बेडरूमच्या खिडकीतून समोरचं गुलमोहराचं झाड दिसायला लागलं. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, पण दारातून ते झाड मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. घर बघायला माणसं येतील तेव्हा सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी ठेवा.

उजेड

खिडकीच्या काचा आतून-बाहेरून धुवा. मच्छरदाणीची जाळी काढून साबणाच्या पाण्यानं घासा. वर्षानुवर्षांची धूळ बसलेली जाळी खूप उजेड खाते, हे ती काढल्यावरच कळतं. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या, जुनी पिंपं, कांद्याची टोपली, सगळं काढा. एखादी तुळस किंवा दोन छोट्या कुंड्या कोपऱ्यात पुरेत.

खिडकीच्या पडद्याची दांडी चौकटीच्या जरा वर, छताजवळ न्या, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट जास्त ठेवा, म्हणजे पडदा बाजूला केला की पूर्ण काच उघडी पडते. पडदा जमिनीपर्यंत असावा. खिडकीच्या खालच्या कडेला संपणारा आखूड पडदा भिंतीचे दोन तुकडे करतो आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. कापड पातळ, फिकं.

दिव्यांचं सांगायचं तर, एका खोलीत एकाच रंगाचा उजेड हवा. आमच्या हॉलमध्ये एक पिवळा बल्ब, एक निळसर पांढरी ट्यूब आणि शोकेसमध्ये तिसराच दिवा होता. एलईडीच्या खोक्यावर ४००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं तो उजेड पांढरा पण डोळ्यांना न टोचणारा असतो. ६५०० के फार निळसर, त्यात माणसांचे चेहरे आजारी दिसतात. सगळीकडे ४००० के लावले. पॅसेजमध्ये नेहमी एकच मिणमिणता दिवा असतो, तिथे चांगला लावा. अंधाऱ्या पॅसेजमुळे पलीकडच्या खोल्या दूर आणि कोंदट वाटतात.

ओल लपवू नका, आधी बरी करा

रंगाच्या आधी भिंती बघा. कोपऱ्यात पापुद्रे, पिवळे डाग, कुबट वास असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. वरच्या बाथरूममधून, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून की गच्चीतून. सोसायटीला लेखी कळवा. ओलीवर पुट्टी मारून रंग दिला तर पाऊस येताच तो फुगतो, आणि तोवर घेणाऱ्यानं पैसे मोजलेले असतात. असं कुणाचं घर आपण घेतलं असतं तर काय वाटलं असतं? आमच्याकडे छोट्या बेडरूमच्या कोपऱ्यात गळती होती. ती दुरुस्त केली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला कुठे होती तेही दाखवलं. त्यामुळे कोणी परत गेलं नाही.

रंग

सगळ्या घराला एकच फिका रंग द्या. प्रत्येक खोलीचा वेगळा रंग असला की दारागणिक घराचे तुकडे पडतात. गडद किंवा चित्रविचित्र पोताची एक भिंत करायची पद्धत गेल्या काही वर्षांत घराघरांत शिरली आहे, तशी असेल तर ती आधी झाका, कारण समोरची गडद भिंत जवळ आल्यासारखी वाटते. गडद रंगावर फिका देताना प्रायमर लागतोच, नाहीतर तीन हात देऊनही खालचा रंग वर येतो. छत शुभ्र पांढरं. पंखा तपकिरी असेल तर निदान पाती पुसून लख्ख करा.

खिळे काढून भोकं बुजवा. आमच्या हॉलच्या भिंतींवर कॅलेंडर, घड्याळं, सत्काराच्या फ्रेम, नातवंडांचे फोटो मिळून अठरा वस्तू होत्या. दोन ठेवल्या.

फरशी

जुन्या इमारतींत मोझॅक किंवा शहाबादी असते. ती उखडून नवीन टाइल्स बसवायचा मोह टाळा. घेणारा बहुतेक वेळा आपल्या आवडीनं नंतर बदलतोच. मोझॅकला मशीननं पॉलिश करून घ्या. त्या चकाकीत खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि खोलीच्या तळाला उजेड येतो. मग गालिचे, सतरंज्या, प्रत्येक दारातली पायपुसणी गुंडाळून ठेवा. मुख्य दाराचं आणि बाथरूमचं पायपुसणं तेवढं राहू द्या.

स्वयंपाकघर

ओट्यावर शेगडी आणि पाण्याचा फिल्टर, बस्स. मिक्सर, तेलाची बुधली, चहा-साखरेचे डबे, भांड्यांची जाळी, सगळं आत. फ्रिजच्या डोक्यावर काही नको. माळ्याच्या कडेवरून डोकावणारी पातेली आणि खोकी सगळ्यात जास्त त्रास देतात. तिथे छत असतं बरंच वर, आणि नजर अडते माळ्यापाशीच. माळा रिकामा होत नसेल तर त्याला भिंतीच्या रंगाचा सरळ पडदा लावा.

ट्रॉल्या अडकत असतील तर तेल द्या, बिजागऱ्या घट्ट करा. आणि बघायला येणार त्या दिवशी सकाळी सुकट-बोंबील किंवा लसणाची खमंग फोडणी टाळा. आपल्याला तो घराचा वास असतो, दुसऱ्याला नाही.

देवघराबद्दल लोक विचारतात. आम्ही ते हलवलं नाही. फक्त भोवतीच्या उदबत्त्यांची खोकी, तेलाच्या बाटल्या, जुन्या पोथ्यांचा ढीग आवरला. देवघराची जागा दिसली की घेणाऱ्यालाही आपलं देवघर तिथे दिसतं.

बाथरूम

एक बादली, एक तांब्या. बाकी पिंपं बाहेर. फरशीवरचे क्षाराचे पांढरे डाग काढताना एक काळजी घ्या: ॲसिडचा क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एका दिवशी एकच, खिडकी उघडी ठेवून.

आरसा लावायचा का?

एक लावा. खिडकीच्या समोर किंवा काटकोनात, म्हणजे त्यात उजेड आणि आकाश दिसेल. पसाऱ्यासमोरचा आरसा पसारा दुप्पट करतो. वास्तू मानणारे बरेच लोक घर बघायला येतात, त्यांना पलंगाचं प्रतिबिंब पडणारा आरसा खटकतो आणि उत्तर किंवा पूर्व भिंतीवरचा चालतो. आपला विश्वास असो वा नसो, पलंगासमोरचा आरसा काढलेला बरा.

फोटो

फोटो दुपारच्या आधी, सगळे पडदे उघडे ठेवून, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून, मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरून काढा. मोबाइलमधली ०.५ ची रुंद लेन्स वापरू नका. तिच्यात १० फुटी हॉल १६ फुटांचा दिसतो, आणि तो फोटो बघून आलेला माणूस दारातच हिरमुसतो. फोटोपेक्षा घर जरा बरं निघालं पाहिजे.

माणसं येतील तेव्हा

आमची बहुतेक आवराआवर पितृपंधरवड्यात झाली. तेव्हा सहसा कोणी टोकन देत नाही, त्यामुळे वेळ मिळाला, आणि नवरात्रापासून लोकांना बोलावलं. वेळ मात्र आपण ठरवायची. तुमच्या हॉलमध्ये ऊन किंवा भरपूर उजेड कधी असतो ते दोन-चार दिवस बघून ठेवा आणि तीच वेळ द्या. आमची पूर्वेची खिडकी, म्हणून सकाळी ९ ते ११.

अर्धा तास आधी खिडक्या उघडा, दिवे दिवसाही लावा, टीव्ही बंद. जिन्यातल्या चपला आत घ्या. घराची सुरुवात तिथूनच होते. घरात आपली माणसं दोनच असू द्या.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १० बाय १० च्या खोलीत घेणारं जोडपं, त्यांची आई, एजंट आणि मी असे पाच जण शिरलो की ती खोली कितीही आवरलेली असो, भरूनच जाते. म्हणून त्यांना आत जाऊ द्यायचं, आपण पॅसेजमध्ये थांबायचं, दारात उभं राहून वाट अडवायची नाही. एजंटनं "दोन पार्ट्या एकदमच आणतो, काय?" म्हणून विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. आधी सगळं घर फिरू द्या, मग बसवा, मग पाणी आणि चहा. आल्या आल्या सोफ्यावर बसवलं की त्यांना हॉल बसल्या जागेवरूनच दिसतो.

बोलू नका फार. "हा हॉल बघा किती मोठा" असं कोणी म्हणालं की ऐकणारा लगेच शंका घेतो. नकाशाचा कागद द्या आणि टेप टीपॉयऐवजी खिडकीच्या कट्ट्यावर, दिसेल असा ठेवा. नवरात्राच्या दुसऱ्या रविवारी आलेल्या बाईंनी तो टेप उचलला, नवऱ्याला एक टोक धरायला लावलं आणि छोट्या बेडरूमची खिडकीखालची भिंत मोजली. मग आईला विचारलं, "काकू, इथे मुलीचं अभ्यासाचं टेबल बसेल ना?"

"बसेल की," आई म्हणाली, "माझ्या लेकीचंही तिथेच होतं."